खानझोडेकाकांनी विझवलेली आग

खानझोडेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले ते नमस्कार न करता, चपला घालूनच थेट स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांनी गॅस बंद केला.

लखनौच्या तेलीबागेतल्या या कॉलनीत येऊन आम्हाला चार दिवस झाले होते. खोकी अजून उघडायची होती. मी चहाचं पातेलं उतरवून ठेवलं होतं आणि कप शोधत होते. शेगडी तेवढी जळत राहिली होती. एक उंच, किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला म्हातारा माझ्या शेजारून हात घालून बटण फिरवतो आणि मी जणू रस्त्याच्या पलीकडे उभी आहे अशा आवाजात विचारतो, "वर काय होतं?"

मी म्हटलं, "काही नाही."

"मग काहून जळून राहिलं होतं?"

मी उतरवून ठेवलेल्या पातेल्याकडे बोट दाखवलं. तेव्हा त्यांनी बाहेर जाऊन चपला काढल्या, परत आले, हात जोडले आणि त्याच आवाजात ओळख करून दिली. दिगंबर खानझोडे, मूळचे आर्वीचे, तेल काढणाऱ्या एका कंपनीतून इंजिनियर म्हणून निवृत्त, दोन घरं सोडून राहतात. दारावर मराठी नावाची पाटी पाहिली म्हणून आले. चहा घेतला, दुसरा कपही घेतला, आणि जाताना स्वयंपाकघरात एकदा डोकावून गेले.

लखनौत त्यांना सगळे खानसाहेब म्हणतात. पोस्टमननं आडनावाचे दोन तुकडे केले, खान आणि झोडे, त्यातला दुसरा तुकडा कुणाला झेपला नाही. सुरुवातीला काका दुरुस्त करत असत. मग एका ईदला समोरच्या घरातून शेवयांचं मोठं पातेलं आलं, त्या शेवया त्यांना फार आवडल्या आणि त्यांनी दुरुस्त करणं सोडून दिलं. काकू, म्हणजे सुमतीकाकू, लखनौतच वाढलेल्या. त्यांचे वडील इथे रेल्वेत होते. नवऱ्याची नोकरी संपल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, की घर बांधायचं तर लखनौला. घर बांधून झालं, त्यात दोघं काही वर्षं राहिले आणि काकू गेल्या. आम्ही आलो तेव्हा त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. मी त्यांना पाहिलं ते फक्त फोटोत.

काकांचं ते "वर काय आहे?" संपूर्ण तेलीबाग बाजाराला ठाऊक आहे. रस्त्यानं चालताना कुठेही ज्योत दिसली की त्यांचे पाय थांबतात. ज्योतीवर तवा, कढई, किटली, काही असेल तर चेहरा निवळतो आणि ते पुढे जातात. नसेल तर वाकून, अगदी अदबीनं विचारतात, "भैया, इसके ऊपर क्या है?" चहावाले त्यांना लांबून येताना पाहिलं की घाईनं रिकामी किटली शेगडीवर ठेवतात. काकांना हे कळतं. किटली उचलून हलवून पाहतात आणि परत ठेवतात.

शेजारच्या गुप्ताजींच्या मुलीच्या लग्नात तर कमाल झाली. मांडवामागे आचाऱ्यांच्या मोठ्या भट्ट्या लागल्या होत्या. पुऱ्यांची कढई तेल बदलायला उतरवलेली, खाली तीन निळ्या ज्वाळा मोकळ्या भडकत होत्या. काका तिथे कसे पोचले कुणास ठाऊक, पण त्यांनी तिन्ही बंद केल्या. आचारी धावत आला. "अंकल जी, बारात खड़ी है," तो म्हणाला. काका म्हणाले, "बारात खड़ी है, ठीक है. पर इसके ऊपर क्या है?"

पुऱ्या अर्धा तास उशिरा आल्या. गुप्ताजी महिनाभर काकांशी बोलले नाहीत. आचाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याचं बाजारात मिठाईचं दुकान होतं. त्याच्या डोक्यात तो प्रश्न घर करून राहिला असावा, कारण आठवड्याभरानं त्यानंच काकांना बोलावून घेतलं. काका चार दुपारी त्याच्या भट्ट्यांपुढे उकिडवे बसले. बर्नरची तोंडं साफ केली, हवा कमीजास्त केली, एक कढई उतरली की लगेच दुसरी कुठली चढवायची याचा क्रम भिंतीवर खडूनं लिहून दिला. आता दर मंगळवारी त्यांच्याकडे बालूशाही येते. काकांना गोड चालत नाही, ती आम्ही खातो.

खरं सांगायचं तर बरेच दिवस मी त्यांना कंजूष समजत होते. पण कंजूष माणूस सगळ्या गल्लीला आंब्यांच्या पेट्या वाटत नाही, आणि कामवालीच्या मुलीला सायकल घेऊन देत नाही. काकांना पैशांची फिकीर नव्हती. फिकीर होती ती फक्त आगीची. या वेडाला मूळ असणार असं मला वाटे, पण विचारायचा धीर होत नव्हता. विचारलं ते माझ्या मुलीनं.

मैत्रेयी कॉलेजात आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. जूनमधल्या एका रविवारी आम्ही काकांना घेऊन मलिहाबादला गेलो होतो. मी वनस्पतींवर संशोधन करते. त्या कामातून ओळख झालेल्या एका बागवानाची तिथे दशहरीची बाग आहे. झाडाखाली चारपायी टाकलेली, बादलीत पाण्यात आंबे सोडलेले. काकांनी तीन आंबे चोखले, चौथा हातात घेतला, तेव्हा मैत्रेयीनं सरळ विचारलं, "अंकल, ये आपका आग बुझाने का चक्कर क्या है?"

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी आंबा बादलीत परत सोडला, हात धुतले आणि सांगायला लागले. पुढचे दोन तास आम्ही कुणी बादलीकडे पाहिलं नाही.

नोकरीच्या सुरुवातीला त्यांची बदली आसामात झाली होती, एका आडबाजूच्या छोट्या तेलक्षेत्रावर. नवं लग्न झालेलं, जीपमध्ये मागे काकू आणि दोन ट्रंका. दिवस मावळत होता. अजून तासाभराचा रस्ता बाकी असताना पुढच्या ढगांची पोटं लाल दिसायला लागली. काकांनी ड्रायव्हरला विचारलं की कुठलं गाव पेटलं आहे. ड्रायव्हर हसला. म्हणाला, साहेब, ती आग तुमचीच आहे.

एका उंच लोखंडी नळीच्या टोकावर ती ज्वाला उभी होती. माडाच्या झाडापेक्षा उंच, वाऱ्याबरोबर कुशीवर वळणारी, आणि तिचा आवाज म्हणजे कधीच न संपणारी मालगाडी डोक्यावरून चालली आहे असा. काका म्हणाले, "मी आर्वीचा पोट्टा. एवढी आग मी फक्त होळीला पाहिली होती, तीही रात्रीतून विझणारी. ही तर वर्षानुवर्षं पेटलेली. माझे हात आपोआप जोडले गेले." जीपमधून उतरून ते कितीतरी वेळ तिच्याकडे नुसते बघत राहिले होते. अंगावरचे केस उभे राहिलेले, चेहरा भाजत होता, आणि तरी नजर निघत नव्हती.

तिथला जुना फोरमन बरुआ नावाचा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं समजावून सांगितलं. जमिनीतून तेल येतं तेव्हा त्याच्याबरोबर गॅसही येतो. मोठ्या क्षेत्रावर तो गोळा करून पाइपातून नेतात. इथे विहिरी लहान, गॅस थोडा, पाइपलाइन दूर. तेलातून वेगळा होईपर्यंत तो गॅस दमलेला असतो, पुढे चालत जायचा जोर त्याच्या अंगात उरत नाही. तसाच हवेत सोडला तर आणखी वाईट, म्हणून जाळून टाकायचा. तेल हवं तर ही आग सोसायची, असा हिशेब सगळ्यांनी मान्य केलेला.

काकांनीही केला असता. पण महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की आपल्या क्वार्टरमध्ये सुमतीकाकू ओल्या लाकडांची चूल फुंकत बसतात. डोळे लाल, पदर काजळीनं भरलेला. तिथवर सिलिंडर पोचत नव्हता. खिडकीबाहेर मात्र एका आख्ख्या जिल्ह्याचा स्वयंपाक होईल एवढा गॅस रात्रंदिवस आभाळाला लागला होता. "ती काही म्हणाली नाही," काका म्हणाले. "एकदा फक्त फुंकणी खाली ठेवून त्या ज्वाळेकडे पाहिलं आणि मला विचारलं, अहो, त्याच्यावर काय शिजतं?"

तो प्रश्न मुळात काकूंचा होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मग ते त्या आगीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. ज्वाळेखालच्या गावाला रात्रच नव्हती. कोंबडे वाटेल तेव्हा आरवत. किड्यांचे ढीग सकाळी फावड्यानं ओढावे लागत. मुलं तिच्या उजेडात अभ्यास करत, बायका सुपाऱ्या वाळवत, आणि सगळे एकमेकांशी ओरडून बोलत, कारण त्याशिवाय ऐकूच येत नसे. काकांचा आवाज तिथेच चढला तो कायमचा. आणि नळीच्या जवळच्या शेतांत भात गुडघ्याच्या वर येई, हिरवागार होई, पण लोंबी धरत नसे. गावकरी म्हणत, देवाचा कोप आहे.

इथे काका थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं की कोप वगैरे काही नाही. पावसाळा सरत आला की रात्री मोठ्या होतात, ते जुन्या जातीच्या भाताला कळतं आणि मग तो लोंबी काढतो. रात्र झालीच नाही तर तो वाट बघत नुसता वाढत राहतो. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते, अंधाऱ्या खोलीत रोपं ठेवून दाखवते. पण एक आख्खं शेत रात्रीची वाट बघत उभं आहे, हे मी कधी डोळ्यांपुढे आणलं नव्हतं. त्या बागेत, भर उन्हात, माझ्या अंगावर काटा आला.

काकांनी वरच्या कार्यालयाला पत्रं लिहायला सुरुवात केली. उत्तर यायचं, नोंद घेतली आहे. जवळच एक चहाचा कारखाना होता, तो पानं सुकवायला कोळसा जाळायचा. काका चालत तिथे गेले आणि मॅनेजरला विचारलं, गॅस आणून दिला तर घ्याल का. मॅनेजर म्हणाला, आणून दाखवा. दुसऱ्या एका क्षेत्रावर एक कॉम्प्रेसर भंगारात काढलेला पडला होता. काका आणि बरुआ यांनी तो मागून आणला आणि दोन पावसाळे खोलून जोडत बसले. पाच-सहा लहान विहिरींचा गॅस एका जागी आणायचा, त्यातलं पाणी आणि तेलाचे थेंब काढायचे, कॉम्प्रेसरनं त्याला जोर द्यायचा आणि पाइपातून कारखान्यापर्यंत न्यायचं. सांगायला एवढंच. प्रत्यक्षात प्रत्येक पाइपाच्या तुकड्यासाठी वर्षवर्ष गेलं. मधे दोनदा बढती आली, बदलीसकट. दोन्ही वेळा काकांनी नाकारली. बरोबरीचे लोक त्यांचे साहेब होऊन तपासणीला यायचे.

मैत्रेयीनं विचारलं, काकूंना राग नाही आला? काका म्हणाले की बढतीचं पहिलं पत्र त्यांनी काकूंपुढे ठेवलं होतं. काकूंनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि ओरडून सांगितलं, कारण तिथे प्रेमाचं असो की रागाचं, ओरडूनच सांगावं लागे, की आपण गेलो तरी ते जळतच राहणार.

नवव्या वर्षी सगळं जुळून आलं. संध्याकाळची वेळ ठरली. वरचे मोठे साहेब मुद्दाम आले. आख्खं गाव बांधावर उभं होतं. काकांनी आणि बरुआनं मिळून व्हॉल्व्ह फिरवायला घेतला. माडाएवढी ज्वाला माणसाएवढी झाली, मग हाताएवढी, आणि शेवटी टोकावर एक पिटुकली ज्योत उरली. ती सुरक्षेसाठी ठेवावीच लागते, हे काकांनी आम्हाला दोनदा बजावून सांगितलं. खोटं श्रेय त्यांना नको होतं.

आणि आवाज थांबला. बरुआ नेहमीच्या सवयीनं काकांच्या कानाशी ओरडून मोठ्या साहेबांबद्दल काही सांगत होता. त्यातले शेवटचे चार शब्द, शिवीसकट, त्या शांततेत साऱ्या गावानं ऐकले. साहेबांनीही ऐकले.

"हसलं नाही कुणी," काका म्हणाले. "कारण तेवढ्यात अंधार झाला होता."

तिथल्या मुलांनी अंधार पाहिलेलाच नव्हता. काही रडायला लागली, काही आयांना बिलगली. मग डोळे सरावले तशी एकेकाची मान वर गेली. एका लहान मुलीनं आईला विचारलं, वर लाह्या कुणी सांडल्या? शेतांमधून बेडकांचा आवाज यायला लागला. ते बेडूक इतकी वर्षं तिथेच होते, ओरडत होते, आणि कुणालाही ऐकू आले नव्हते. म्हातारी माणसं खाली बसली. काका म्हणाले की पहिल्या दिवशी त्या ज्वाळेपुढे हात जोडले होते, तसेच ते त्या अंधारापुढे पुन्हा जोडले गेले, आणि या वेळी जास्त मनापासून.

त्या वर्षी नळीजवळच्या शेतांतला भात लोंबीवर आला. कारखान्यातला कोळसा बंद झाला. क्वार्टरमध्ये काकूंच्या ओट्यापर्यंत एक बारीक पाइप आला. शाबासकीचं पत्रही आलं, त्यावर नाव डी. खान असं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मैत्रेयी खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "मम्मी, अंकल को तो सब पागल समझते हैं." मीही त्यातलीच होते.

हे सगळं इथेच संपलं असतं तर मी काकांची गोष्ट एका जिद्दी इंजिनियरची म्हणून सांगितली असती. पण जानेवारीतल्या एका दुपारी, धुकं नुकतंच विरलं होतं, काका आमच्याकडे आले आणि खुर्चीत बसले. मग विचारलं, "वृंदा, तू गाणं शिकली आहेस ना?"

मी म्हटलं, लहानपणी सात-आठ वर्षं शिकले, आता फक्त ऐकते.

ते म्हणाले की त्या संध्याकाळचं एक त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. ज्वाला विझल्यावर लोकांनी त्यांना गराडा घातला. त्यातून सुटून ते मागच्या दारानं घराकडे गेले, काकूंना सांगायला. त्यांना बरं नव्हतं म्हणून त्या बांधावर आल्या नव्हत्या. अंधारात पायरीवर बसून बूट काढताना त्यांना आतून काहीतरी ऐकू आलं. काकू पोळ्या लाटत होत्या आणि गुणगुणत होत्या.

"नऊ वर्षं संसार केला मी तिच्याबरोबर," काका म्हणाले. "आणि ही बाई गुणगुणते, हे मला माहीत नव्हतं."

ते आत गेले नाहीत. बूट हातात घेऊन पायरीवरच बसून राहिले. एवढी मोठी बातमी सांगायची होती, पण आत गेलो तर ती थांबेल अशी भीती वाटली. आणि पुढे आयुष्यभर तीच भीती राहिली. ज्या ज्या गावी बदली झाली तिथे ते मागच्या दारानं, पाय न वाजवता घरात यायचे, आणि थोडा वेळ बाहेर थांबायचे. तीच चाल असायची, नेहमी. कुठलं गाणं आहे, कधी विचारलं नाही. विचारलं तर ती लाजेल, भान येईल, मग बंद होईल. मोबाइल आल्यावर सुद्धा टेप केलं नाही. चोरी केल्यासारखं वाटलं असतं.

"आता मी रोज मनात म्हणून बघतो," ते म्हणाले. "पण कुठून तरी एक तुकडा निसटून राहिला. परवापर्यंत होता, आज नाही. कुठलं गाणं आहे ते कळलं, तर पुस्तकात बघता येईल, कुणाकडून ऐकता येईल. तुला ओळखता येतं का बघ."

आणि त्यांनी डोळे मिटून गुणगुणायला सुरुवात केली. गल्लीच्या टोकापर्यंत ज्यांचा आवाज जातो ते काका इतक्या हळू गात होते की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. सूर धड लागत नव्हता. कुठे ठुमरीसारखं काही वळण यायचं, तर लगेच ओवीसारखं सरळ जायचं. लखनौत लहानपणी ऐकलेलं काही आणि आईकडून आलेलं काही, असं काकूंनीच एकत्र केलेलं असेल तर ते कुठल्याच पुस्तकात सापडणार नव्हतं. मधेच ते अडले, एक सूर चाचपून पाहिला, तो नव्हता, दुसरा पाहिला, तोही नव्हता. डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले.

मला ते गाणं ओळखता आलं नव्हतं. तसं सांगायला मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून वेगळंच निघालं. मी म्हटलं, "काका, पुन्हा म्हणा. सावकाश. मी लिहून घेते."

मी वही शोधून आणली आणि त्यांच्या पायाशी खाली बसले. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मैत्रेयी दारात येऊन उभी होती, किती वेळ ते मला माहीत नाही. ती पुढे आली आणि तिनं रस्त्याकडची खिडकी आवाज न करता लावून घेतली.